मानाची खुर्ची

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. मंडप उभा राहिला, ध्वनिक्षेपकाची चाचणी झाली, आणि आदल्या रात्री समितीच्या चौघांना घेऊन आम्ही पहिल्या रांगेतील खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवीत बसलो. त्यांतील एक चिठ्ठी शाळेच्या सर्वांत जुन्या शिक्षिकाबाईंची होती. शाळा कौलारू होती आणि एका खोलीत दोन इयत्ता बसत, तेव्हापासून पस्तीस वर्षे बाईंनी तेथे शिकविले. गावातील अर्ध्याअधिक माणसांनी त्यांच्यासमोर बसूनच मुळाक्षरे गिरविली आहेत.

दुसऱ्या दिवशी समारंभाला सुरुवात झाल्यावर एक पदाधिकारी चार सोबत्यांसह उशिरा आले. स्वयंसेवकांची तारांबळ उडाली. त्यांनी व्यासपीठावर आमच्याकडे पाहिले आणि आम्ही मान हलविली. पहिल्या रांगेतील पाच खुर्च्या रिकाम्या करण्यात आल्या. त्यांत बाईंचीही होती. बाई काही न बोलता उठल्या आणि मागे गेल्या. अर्ध्या तासाने शाल-श्रीफळासाठी त्यांचे नाव पुकारले, तेव्हा त्या मंडपात नव्हत्या.

दोष स्वयंसेवकांचा नव्हता, त्या पदाधिकाऱ्यांचाही नव्हता. त्यांना कोणाची खुर्ची मिळाली हे ठाऊकही नसावे. मान हलविली ती आम्हीच. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. कोणी कोठे बसावे, कोणी आधी चालावे, कोणाला हार आधी घालावा, हा क्रम मुळात आला कोठून? तो मोडणे एवढे अवघड का वाटते? इतिहासाची पाने चाळता चाळता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मानाचा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. महाभारतातील राजसूय यज्ञात अग्रपूजेचा मान कोणाला द्यावा यावरून वाद पेटला आणि शिशुपालाचे शिर गेले. लग्नातील मानपान, गावजत्रेतील मानकरी, मानाचा विडा हे शब्द आपल्या भाषेत उगीच रुजलेले नाहीत. जेवणाच्या पानावरच भेदाभेद झाला की आपण त्याला पंक्तिप्रपंच म्हणतो. या एका शब्दात केवढी कडवट आठवण साठलेली आहे!

मराठी माणसाला या विषयातील सर्वांत परिचित प्रसंग म्हणजे आग्ऱ्याचा दरबार. १६६५ च्या पुरंदर तहानंतर शिवाजी महाराज मिर्झाराजे जयसिंगांच्या आग्रहावरून आग्ऱ्यास गेले. १२ मे १६६६ या दिवशी औरंगजेबाचा दरबार भरला होता. मोगल दरबारात माणूस कोठे उभा आहे यावरून तो कोण आहे हे ठरत असे. मनसबीच्या आकड्याप्रमाणे रांगा लागत. महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. तेवढी मनसब त्यांच्या नऊ वर्षांच्या पुत्राला, संभाजीराजांना, आधीच मिळालेली होती. महाराजांचा संताप अनावर झाला. ते भर दरबारातून बाहेर पडले. पुढची नजरकैद आणि सुटका सर्वश्रुत आहे. आठ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा सिंहासनाभोवती अष्टप्रधानांच्या जागा ठरलेल्या होत्या. दुसऱ्याच्या दरबारात कोठे उभे राहावे हा प्रश्न त्यांनी स्वतःचे सिंहासन स्थापून कायमचा मिटविला. रांगेतील जागा ही किरकोळ बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग आठवावा. औरंगजेबाने तेथे तलवार उपसली नव्हती. त्याने फक्त उभे राहायची जागा दाखविली होती.

याच काळात युरोपातील ख्रिस्ती राजेही या बाबतीत मागे नव्हते. ३० सप्टेंबर १६६१ रोजी स्वीडनचा नवा राजदूत लंडनला उतरला. नव्या राजदूताच्या स्वागताच्या मिरवणुकीत इतर देशांच्या राजदूतांनी आपापल्या घोडागाड्या पाठवावयाच्या, अशी चाल होती. पाहुण्याच्या पाठोपाठ कोणाची गाडी राहील, फ्रान्सची की स्पेनची, यावरून भर रस्त्यात लढाई जुंपली. फ्रेंच आपल्या घोड्यांचे जोत कापतील हे ओळखून स्पॅनिश लोकांनी चामड्याच्या पट्ट्यांऐवजी लोखंडी साखळ्या वापरल्या होत्या. माणसे मेली, फ्रेंचांचे घोडे मारले गेले, आणि स्पेनची गाडी विजयी मुद्रेने पुढे निघाली. सॅम्युएल पीप्स या प्रसिद्ध रोजनिशीकाराने या दंग्याची नोंद करून ठेवली आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने युद्धाची धमकी दिली. अखेर २४ मार्च १६६२ रोजी स्पेनच्या राजदूताला भर दरबारात लुईसमोर उभे राहून सांगावे लागले, की यापुढे आमचे राजदूत फ्रान्सच्या राजदूतांशी अग्रक्रमासाठी स्पर्धा करणार नाहीत. दोन्ही राजे कॅथलिक होते, आणि नात्याने जावई-सासरे होते!

राजेरजवाड्यांना नावे ठेवून आम्हाला मोकळे होता येत नाही, कारण देवघराच्या आतही हेच चालले होते. ट्रेंटची विश्वपरिषद १५४५ ते १५६३ या काळात तीन टप्प्यांत भरली. ख्रिस्तसभेच्या सुधारणेचे फार मोठे कार्य तिने केले. त्याच परिषदेत स्पेन आणि फ्रान्स यांच्या राजदूतांमध्ये आसनांवरून तंटा सुरू झाला. २९ जून १५६३, संत पेत्राच्या सणाची मिस्सा. त्या काळी मिस्सामध्ये शांतीचे चुंबन देण्यासाठी एक लहानशी पाटी मान्यवरांपुढे क्रमाने नेत असत. ती आधी कोणापुढे न्यावयाची? दोघांपुढे एकाच वेळी न्यावी अशी योजना झाली, तर फ्रान्सच्या राजदूताने ती समानताच अपमानास्पद ठरवून हरकत घेतली. अखेर तडजोड निघाली ती अशी की, दोघांपैकी कोणालाही धूप नाही आणि शांतीची पाटीही नाही. शांतीचे चिन्ह भांडणाच्या भीतीने बाजूला ठेवावे लागले! परमप्रसादाच्या वेदीपासून काही पावलांवर हे घडले, हे वाचताना धर्मगुरू म्हणून आमची मान खाली गेली.

ट्रेंटच्या धर्मपित्यांना हा रोग ठाऊक नव्हता असे नाही. ३ आणि ४ डिसेंबर १५६३ रोजी झालेल्या पंचविसाव्या सत्रात त्यांनी एक छोटासा आदेश काढला. मिरवणुकीत, अंत्यविधीत, छत्र धरण्यात कोणी पुढे असावे यावरून धर्मगुरू आणि मठवासी यांच्यात वारंवार वाद होतात आणि लोकांपुढे लज्जास्पद प्रसंग येतात. तेव्हा असे सर्व वाद त्या त्या ठिकाणच्या महागुरूंनी मिटवावेत, आणि त्यांच्या निर्णयावर दाद मागता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. प्रेताला खांदा देण्याच्या प्रसंगीही पुढेमागे होण्यावरून भांडणारी माणसे डोळ्यांपुढे आली, की या आदेशाची गरज पटते. मात्र या आदेशाने भांडण मिटविणारा माणूस नेमून दिला, भांडणाचे मूळ तसेच राहिले.

मुळाला हात घातला तो व्हिएन्ना येथे, आणि तोही मुत्सद्द्यांनी. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची घडी बसविण्यासाठी तेथे परिषद भरली होती. १९ मार्च १८१५ रोजी तिने राजदूतांच्या मानक्रमाचा नियम केला. योगायोग असा, की एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये शिरला. घरावर दरोडा येत असताना कोणी कोठे बसावे याची यादी करणारी ती मंडळी प्रथम हास्यास्पद वाटतात. परंतु विचारान्ती आम्हाला त्यांचे शहाणपण दिसू लागले. त्यांनी राजदूतांच्या तीन श्रेणी केल्या, आणि प्रत्येक श्रेणीतील क्रम राजाच्या वैभवावरून, वंशाच्या प्राचीनतेवरून किंवा सैन्याच्या बळावरून न ठरविता, त्या देशात येऊन दाखल झाल्याच्या अधिकृत तारखेवरून ठरविला. करारनाम्यावर सह्यांचा क्रम ठरविण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात असेही ठरले.

वाचकहो, या नियमाचे मर्म ध्यानात घ्यावे. जो आधी आला तो पुढे बसेल. त्यात कोणाची थोरवी नाही, आणि म्हणूनच कोणाचा अपमानही नाही. लहानशा राज्याचा दूत महासत्तेच्या दूतापुढे बसू शकतो, कारण तो चार महिने आधी आला. शतकानुशतके माणसाची लायकी आणि त्याची खुर्ची यांची जी गाठ पडली होती, ती व्हिएन्नाने सोडविली. क्रम राहिला, परंतु त्यातील विष निघून गेले. १९६१ मध्ये त्याच शहरात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही हाच नियम कायम केला.

दोन्ही वेळा एक अपवाद ठेवण्यात आला: पोप महोदयांच्या प्रतिनिधीला पूर्वापार मान देण्याची ज्या देशात प्रथा असेल, तिला बाधा येणार नाही. त्यामुळे अनेक देशांत पोपचे राजदूत आजही सर्व राजदूतांचे अग्रणी मानले जातात. आपल्याला याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु त्यातही एक धडा आहे. १८७० मध्ये रोम इटलीच्या ताब्यात गेले, तेव्हापासून १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत पोप महोदयांकडे राज्य म्हणावे अशी भूमी नव्हती. तरीही त्यांचे प्रतिनिधी अनेक राजधान्यांत मानाने बसतच होते. मान हा सत्तेच्या पाठोपाठच चालतो असे नाही, हे त्या एकोणसाठ वर्षांनी दाखविले.

साम्राज्यांना मात्र व्हिएन्नाचे शहाणपण आपल्या प्रजेसाठी नको होते. हिंदुस्थानातील संस्थानिकांचा मान इंग्रजांनी तोफांच्या आवाजांत मोजला. सलामीचे आकडे विषम असत. सर्वांत मोठी सलामी एकवीस तोफांची, आणि खाली उतरत उतरत नऊ तोफांपर्यंत. बडोद्याला एकवीस, कोल्हापूरला एकोणीस, सावंतवाडीला नऊ. दोन तोफा वाढाव्यात म्हणून अर्ज जात, दोन तोफा कमी होतील या धाकाने माणसे वाकत. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्ज यांना मुजरा करण्यासाठी संस्थानिक मानक्रमाने पुढे येऊ लागले. निजाम आणि म्हैसूर यांच्यानंतर तिसरे होते बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. तीनदा लवून, सम्राटाकडे पाठ न करता, मागे मागे सरत जावयाचे असा दंडक होता. सयाजीरावांनी एकदाच मान लवविली, आणि वळून ते चालू लागले. इंग्रजी वृत्तपत्रांनी हलकल्लोळ केला. महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलाशाचे दिलगिरीपत्र पाठवावे लागले. ते चुकून झाले की जाणूनबुजून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ज्या प्रजेसाठी त्यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्या प्रजेने त्यांचा मान तोफांवरून मोजला नाही. संस्थानिकांची मान्यता आणि त्यांचे विशेषाधिकार १९७१ मध्ये संविधानाच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संपले. मागे राहिल्या त्या सयाजीरावांच्या शाळा आणि ग्रंथालये.

आता आपल्या प्रजासत्ताकाकडे वळू. स्वतंत्र भारतालाही मानक्रमाचा तक्ता लागतोच. आज प्रचलित असलेला तक्ता राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी प्रसिद्ध केला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यात सव्वीस अनुक्रमांक आहेत. पहिले राष्ट्रपती, दुसरे उपराष्ट्रपती, तिसरे पंतप्रधान, चौथे आपापल्या राज्यातील राज्यपाल, पाचवे माजी राष्ट्रपती, सहाव्या क्रमांकावर भारताचे सरन्यायाधीश आणि लोकसभेचे अध्यक्ष. भारतरत्न मिळविणाऱ्यांना ‘७ अ’ हे स्थान आहे. संसद सदस्य एकविसाव्या क्रमांकावर आहेत. इंग्रजी अमदानीतील तक्त्यात कलकत्त्याच्या अँग्लिकन बिशपांना मानाचे स्थान होते. आजच्या तक्त्यात कोणत्याही धर्माच्या आचार्याला क्रमांक नाही. आम्हाला ते योग्यच वाटते.

हा तक्ता बारकाईने वाचताना दोन गोष्टींनी आम्हाला थांबविले. पहिली अशी: राज्यपाल आपल्या राज्यात चौथे असतात, पण राज्याबाहेर आठवे होतात. मुख्यमंत्री आपल्या राज्यात सातवे, बाहेर आठवे. म्हणजे महाराष्ट्राचे राज्यपाल पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरले, की चार पायऱ्या खाली उतरतात. माणूस तोच, अंगावरचा कोट तोच, बरोबरचा लवाजमाही तोच. बदलली ती केवळ भूमी. यावरून उघड होते की क्रमांक माणसाला दिलेला नाही. त्या ठिकाणी तो वाहत असलेल्या जबाबदारीला दिलेला आहे. एकाच क्रमांकावर अनेक जण असतील तर कोणी पुढे बसावे? जो त्या क्रमांकावर आधी आला, तो. व्हिएन्नाचाच नियम!

दुसरी गोष्ट तक्त्याच्या टिपांत दडलेली आहे. हा क्रम केवळ राजकीय सोहळे आणि औपचारिक समारंभ यांच्यापुरता आहे, शासनाच्या दैनंदिन कारभारात तो लागू नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्या कागदाने सर्वांना क्रमांक दिले, त्यानेच आपली हद्दही आखून घेतली आहे. आमची चूक कोठे झाली हे ती टीप वाचताना कळले. शाळेचा सुवर्णमहोत्सव हा राजदरबार नव्हता. तेथे पाहुण्यांचा यथोचित सत्कार अवश्य व्हावा; पण ज्या घरात सोहळा आहे, त्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला उठवून तो व्हावा असे कोणत्याही सरकारी तक्त्यात लिहिलेले नाही. तो क्रम आम्ही आमच्या मनातील भीतीने रचला होता.

हीच भीती आपल्या घरांतही शिरलेली असते. लग्नाच्या जेवणात कोणाला आधी वाढावे, सणाच्या मिरवणुकीत खांब कोणी धरावा, अंत्यविधीला कोणाचे नाव घ्यावयाचे राहिले, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. गोव्यातील काही चर्चांत सणाचा मान आणि बंधुसंघाचा झगा काही घराण्यांपुरताच राखलेला असे, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. आपल्याकडे तसे नव्हते म्हणून पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. पुढच्या बाकाचे राजकारण प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे.

ख्रिस्तसभेने यावर शेवटचा शब्द उच्चारला तो दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत. पवित्र उपासनेविषयीचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झाला. ट्रेंटची परिषद संपली त्याला त्या दिवशी बरोबर चारशे वर्षे झाली होती. त्याच्या बत्तिसाव्या परिच्छेदात सांगितले आहे, की उपासनेतील कार्य आणि पवित्र दीक्षा यांमुळे होणारा भेद, आणि उपासनेच्या नियमांनुसार शासकीय अधिकाऱ्यांना द्यावयाचा मान, एवढे वगळता कोणाही व्यक्तीला किंवा वर्गाला उपासनेत किंवा बाह्य थाटामाटात विशेष मान देऊ नये. ट्रेंटने भांडण मिटविण्यासाठी न्यायाधीश नेमला होता. व्हॅटिकनने भांडणाची खुर्चीच उचलून नेली. चार शतके लागली, पण लागली ती शुभवर्तमानाकडे परत येण्यासाठी. मेजवानीत पहिल्या आसनांसाठी धडपडणाऱ्या पाहुण्यांना पाहून प्रभू येशूने दिलेला दाखला संत लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला संत याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. आम्ही ही दोन्ही वचने वेदीवरून किती वेळा समजावून सांगितली आहेत याचा हिशेब नाही.

सुवर्णमहोत्सवानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही शाल आणि श्रीफळ घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला. आम्ही क्षमा मागितली. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “फादर, उठवलं त्याचं मला काही वाटलं नाही. खुर्ची कोणी घरी घेऊन जात नाही. पण मी उठले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही.” शाल त्यांनी घेतली, पण ती शाळेतल्या शिपाईकाकांच्या विधवेला देईन म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या धर्मग्रामात एक साधा नियम झाला आहे. शासकीय पाहुणे आले तर त्यांचा क्रम तक्त्याप्रमाणे व्यासपीठावर. समोरची पहिली रांग वृद्धांची आणि ज्यांना चालता येत नाही त्यांची. तेथे चिठ्ठ्या लागत नाहीत, आणि एकदा बसलेल्या माणसाला कोणी उठवीत नाही. उशिरा येणारा, मग तो कोणीही असो, मागे बसतो. आजवर कोणी रागावून परत गेलेले नाही.

पादक्षालनाच्या विधीत स्त्रियांनाही घेण्याची मुभा पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये दिली. गेल्या पवित्र गुरुवारी वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांपैकी एकीवर बसावे अशी विनंती आम्ही बाईंना केली. प्रथम त्या नको म्हणाल्या, मग आल्या. बसण्याचा क्रम कोणी ठरविला नव्हता. ज्याला जेथे जागा मिळाली तेथे तो बसला. बाई सातव्या खुर्चीवर होत्या. आम्ही गुडघे टेकून त्यांच्या पायांवर पाणी घातले, पुसले, आणि उठण्यापूर्वी वर मान करून त्यांच्याकडे पाहिले.